सेसनाच्या तेलाचा दाब: जुहू हँगरमधल्या प्रकल्प नोंदी

विमान: सेसना १७२एम. उडणं केव्हाच बंद, आता एएमईच्या (विमान देखभाल अभियंत्याच्या) पोरांना ग्राउंड रन, म्हणजे जमिनीवर इंजिन चालवणं, शिकवण्यासाठी ठेवलंय. इंजिन: लायकॉमिंग ओ-३२०-ई२डी, १५० अश्वशक्ती. जागा: जुहू विमानतळावरचा आमचा ट्रेनिंग हँगर. स्नॅग (बिघाडाची तक्रार): इंजिन तापलं की तेलाचा दाब खाली.

७ ऑक्टोबर २०२४, सोमवार

पावसाळाभर झाकून ठेवलेलं विमान बाहेर काढलं. नाक वाऱ्याकडे, चाकांना चॉक, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, काउलिंग (इंजिनावरचं आवरण) पूर्ण बसवलेलं. काउलिंग काढून जमिनीवर इंजिन चालवायची सवय इथे बऱ्याच जणांना आहे. हवा सिलिंडरवरून नीट फिरतच नाही, तेल उगाच तापतं आणि मग त्याच रीडिंगवर चर्चा झडते.

स्टार्टनंतर ३० सेकंदांत दाब दिसला नाही तर इंजिन बंद करायचं. इथे सुई उठली, पण आळसावत. थंड इंजिन, १००० आरपीएम: ७४ पीएसआय. तेलाचं तापमान ९० अंश सेल्सियसच्या आसपास आल्यावर पुन्हा पाहिलं. १८०० आरपीएमला ४९ आणि १००० ला २०.

या विमानाच्या गेजवर लाल रेघ २५ ला, हिरवा पट्टा ६० ते ९०, वरची लाल रेघ १०० ला. म्हणजे गरम इंजिन दोन्हीकडे नापास. बंद केलं.

डिपस्टिकवर साडेसहा क्वार्ट. संप, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, ८ क्वार्टचा, ६ च्या खाली चालवायचं नाही, तेव्हा तेल कमी हे कारण बाद. तेल मात्र मे महिन्यातलं आहे. फिल्टर असेल तर ५० तास किंवा ४ महिने, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायचं. तास भरले नव्हते, महिने भरले होते.

चहाला दादा आले. त्यांनी या जातीची इंजिनं माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं हाताळली आहेत. रीडिंग ऐकलं, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "दोन वॉशर टाक की रे रिलीफ व्हॉल्व्हला. परीक्षेपुरतं काम होईल."

काम होईलही. रिलीफ व्हॉल्व्ह म्हणजे एक बॉल, त्याला सीटवर दाबून धरणारी स्प्रिंग आणि वर टोपी. दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की बॉल उचलला जातो आणि जादा तेल संपमध्ये परत जातं. टोपी आणि स्प्रिंगच्या मधे वॉशर टाकले की स्प्रिंग जास्त दाबली जाते, दाब चढतो. ही सेटिंग करण्याची अधिकृत पद्धतच आहे. पण सेटिंग करायची ती चांगल्या इंजिनाची. इथे दाब कुठे जातोय ते कळलेलं नाही, आणि मुळात सुई खरं बोलतेय का तेही कळलेलं नाही.

"दादा, आधी गेज तपासतो," म्हटलं.

"तपास. वॉशर स्टोअरमध्येच आहेत, कुठे पळत नाहीत."

८ ऑक्टोबर, मंगळवार

पोरांना पहिलाच प्रश्न: या विमानात तेलाचा दाब सुईपर्यंत पोचतो कसा? निम्म्यांनी "सेन्सर" सांगितलं. तेलाच्या तापमानाचा गेज विजेवर चालतो, त्याला सेन्सर आहे. दाबाच्या गेजला नाही. इंजिनातून खरंखुरं तेल बारीक नळीने फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) ओलांडून पॅनलमागे येतं आणि गेजच्या आतली वाकडी चपटी बोर्डन ट्यूब ताणतं. म्हणजे पायलटच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर इंजिनाच्या दाबाचं तेल असतं.

ही नळी फुटली तर सगळं तेल केबिनमध्ये येऊ नये म्हणून इंजिनाकडच्या टोकाला रिस्ट्रिक्टर असतो. फिटिंगच असते ती, आतलं भोक जेमतेम १ मिलिमीटर.

पॅनलखाली टॉर्च घेऊन झोपलो. गेजच्या मागच्या नटाला तेलाचा ओलावा. नळीवरून ओघळ खाली आलेला, त्यावर धूळ बसून काळी रेघ झालेली, आणि डाव्या रडर पेडलजवळच्या कार्पेटवर रुपयाएवढा डाग. डाग जुना, ओलावा ताजा.

इथे एका विद्यार्थिनीने चांगला प्रश्न काढला. गळती इतकी थोडी, थेंबभर. तेवढ्याने सुई कशी पडेल?

नुसत्या गळतीने पडणार नाही. नुसत्या तुंबलेल्या रिस्ट्रिक्टरनेही पडणार नाही. नळी पक्की बंद असेल तर तिच्यातून तेल वाहत नाही. आणि वाहत नसेल तर भोक केवढंही बारीक असो, थोड्या वेळाने दोन्ही टोकांना दाब सारखाच होतो. तुंबलेल्या भोकाने सुई आळशी होते, खोटारडी होत नाही. खोटारडी होते ती दोन्ही एकत्र आल्यावर. चाळीतल्या पाण्यासारखं आहे: लाइन गंजून बारीक झालेली असली तरी सगळ्यांचे नळ बंद असताना वरच्या मजल्यावर जोर पूर्ण येतो, खालच्याने नळ सोडला की वरच्याची धार बसते. इथे पॅनलमागचा ओला नट हा खालचा नळ.

काल सुई आळसावत उठली होती ते आठवलं. इंजिन पुन्हा चालवून थ्रॉटल १००० वरून १८०० ला नेला. आरपीएम लगेच चढले, दाबाची सुई मागून रमतगमत आली. रिस्ट्रिक्टरवर संशय पक्का.

पण रिस्ट्रिक्टर आज साफ करायचा नाही. आधी चाचणीचा गेज लावून खोटं किती आहे ते मोजायचं, मगच हात लावायचा. नाहीतर दुरुस्तीने काय बदललं ते सांगता येत नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

नागदेवी स्ट्रीट. मशीद बंदरला उतरून गर्दीतून वाट काढत गेलो. चाचणीसाठी ०–१०० चा चांगला गेज, होज, पितळी टी (तीन तोंडांची जोडणी) घ्यायची होती. दुकानदाराने "विमानाला लावणार?" असं विचारून भाव वाढवायचा प्रयत्न केला. विमानाला लावणार नाही, चाचणीपुरता जोडून काढून घेणार. विमानात राहणारा एकही नट या गल्लीतून येत नाही, त्याला प्रमाणित असल्याचा टॅग लागतो.

नंतर विचार करून ०–१५० चा घेतला. थंड इंजिनाचा दाब शंभरीच्या आसपास गेला तर काटा शेवटच्या खुंटीला टेकलेला नको.

वाटेत एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत गेज दिला. डेड वेट टेस्टरवर २५, ६० आणि ९० हे तीन बिंदू तपासून हवेत, बाकीचे नसले तरी चालतील. उद्या संध्याकाळी मिळेल म्हणाले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

काल रात्री रतन टाटा गेले. राज्यात दुखवटा. स्वतः विमान चालवणारा माणूस. हँगरमध्ये सकाळपासून तोच विषय. याच जुहूच्या जमिनीवर १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ उतरवलं होतं, ते पोरांना सांगितलं. इंजिनाला हात लावला नाही.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

गेज आला, तिन्ही बिंदूंवर चूक १ पीएसआयच्या आत. ऍक्सेसरी हाउसिंगजवळच्या पोर्टवरची फिटिंग सोडवून टी बसवली, म्हणजे एक फाटा रिस्ट्रिक्टरमधून पॅनलकडे आणि दुसरा थेट चाचणीच्या गेजकडे. होज प्रॉपेलरपासून लांब आणि एक्झॉस्टला लागणार नाही अशी बांधली. एक जण कॉकपिटमध्ये, एक जण पंखामागून टेस्ट गेज वाचणार, तिसरा फक्त बघणार आणि हात वर केला की इंजिन बंद.

थंड, १००० आरपीएम: पॅनल ७४, टेस्ट ८०.
गरम, १००० आरपीएम: पॅनल २०, टेस्ट २६.
गरम, १८०० आरपीएम: पॅनल ४९, टेस्ट ५७.

पॅनल खोटं बोलतं हे सिद्ध झालं. पोरं खूश, एकाने तर स्नॅग बंद म्हणून लिहायलाही घेतलं. थांबवलं. १८०० ला ५७ म्हणजे अजूनही हिरव्या पट्ट्याच्या खाली. गरम आयडलला, म्हणजे १००० आरपीएमला, २६ म्हणजे काठावर पास. गेज खोटा आहे आणि दाबही कमी आहे, दोन्ही एकाच वेळी खरं. माझ्या मते या स्नॅगमधली खरी फसगत इथे असते: पहिलं कारण सापडलं की माणसाचा शोध थंडावतो.

रिस्ट्रिक्टर काढला. उजेडाकडे धरून पाहिलं तर भोकातून पलीकडचं काही दिसेना. आत डांबरासारखा काळा थर. सॉल्व्हंटमध्ये भिजवून हवेने उडवला. तार घालायची नाही, भोक मोठं झालं तर रिस्ट्रिक्टर कसला? पॅनलमागचा नट सोडल्यावर नळीच्या फ्लेअरला बारीक चीर दिसली. नळीचा तो तुकडा बदलला. पुन्हा रन. आता सुई थ्रॉटलबरोबर उठते आणि दोन्ही गेज सारखे: गरम २६ आणि ५७.

जाता जाता उडणाऱ्यांसाठी. हवेत असताना दाब कमी दिसला आणि तेलाचं तापमान नॉर्मल असेल, तर गेज किंवा रिलीफ व्हॉल्व्ह बिघडल्याची शक्यता असते. नळीतल्या गळतीने संप लगेच रिकामा होत नाही, तेवढ्यासाठी रिस्ट्रिक्टर आहे. तरी जवळच्या विमानतळावर उतरून बघायचं. दाब पूर्ण गेला आणि तापमान चढू लागलं, तर इंजिन आता बसणार असं धरून पॉवर कमी करायची आणि उतरायला जागा शोधायची. सेसनाच्या हँडबुकात हे स्पष्ट आहे. जुहूवरून पश्चिमेला निघालं की समोर समुद्रच, म्हणून धावपट्टीवरच सुई बघून घ्यायची सवय पोरांच्या अंगात मुरवतो.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. टूलबॉक्स, टॉर्क रेंच, टेस्ट गेज, सगळ्यांची पूजा. नागदेवीच्या पितळी टीलाही हळदकुंकू लागलं. झेंडूचा हार प्रॉपेलरला घालायचा असतो. हार घालणाऱ्याला आधी किल्ली माझ्या खिशात असल्याचं दाखवलं. मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) ऑफ, मिक्स्चर मागे. मॅग्नेटो बंद करणारी तार, पी-लीड, तुटलेली असेल तर स्विच ऑफ असूनही प्रॉपेलर हाताने हलवताना इंजिन अचानक चालू होऊ शकतं, म्हणून हार घालायचा तो पातं न फिरवता. आपट्याची पानं वाटली. दादांनी मला पान देताना "वॉशर घे," म्हणून चिडवलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

तेल बदललं. इंजिन गरम करून लगेच ड्रेन. थंड तेल काढलं तर गाळ खाली बसून राहतो. पहिली धार जाऊ देऊन मधल्या धारेतून नमुना बाटलीत घेतला, स्पेक्ट्रो तपासणीसाठी (तेलात कोणता धातू किती उतरलाय ते त्यातून कळतं).

फिल्टर कापला. यासाठी डबा कापायचं कटर असतं, करवत चालत नाही, कारण करवतीचा कीस आत पडतो आणि मग आपणच पाडलेली धातू बघून आपणच घाबरतो. घड्यांचा कागद सोडवून स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये धुतला, पांढऱ्या ट्रेमध्ये ओतला, चुंबक फिरवलं. चुंबकाला केसांसारखी थोडी लव. चंदेरी, मऊ, चुंबकाला न चिकटणाऱ्या चकत्या असत्या तर बेअरिंगचं अस्तर सुटतंय असं समजून पुढचं सगळं थांबवलं असतं. एकही नाही. पितळी रंगाचं काही नाही. काळे कडक कण मात्र भरपूर, बोटाने चुरडले की रेती होतात. कार्बन.

मग सक्शनची जाळी, संपच्या मागच्या बाजूला. पंप तेल ओढतो ते हिच्यातून. जाळी बाहेर आली तर तिच्या तोंडाशी लाल, रबरासारखी, गांडुळाएवढी दोरी वेटोळं घालून बसलेली. विद्यार्थिनीने चिमट्याने उचलून ट्रेमध्ये ठेवली. सिलिकॉन सीलंट. कोणीतरी कधीतरी गॅस्केटवर सढळ हाताने लावलं, दोन पृष्ठभागांमधून दाबून आत आलं आणि सुटून इथे आलं. लायकॉमिंगच्या गॅस्केटला बहुतेक ठिकाणी सीलंट लागत नाही. बाहेर फुगलेलं दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं.

जाळीचा जवळपास एक चतुर्थांश भाग झाकला होता. पंपाला तेल कमी पडायला हे पुरेसं आहे का, हे उद्या कळेल. नवं तेल एरोशेल डब्ल्यू१००, ७ क्वार्ट. जाळीच्या प्लगची तांब्याची वॉशर नवी टाकली. ही सक्शनची बाजू, इथून तेल गळण्यापेक्षा हवा आत ओढली जाण्याची भीती जास्त, आणि तशी हवा ओढली गेली की दाबाची सुई थरथरते. आपली थरथरत नव्हती.

दादा म्हणाले डब्ल्यू१२० टाक, मुंबईच्या उकाड्यात ते चालतं. चालतं खरंच: डब्ल्यू१०० म्हणजे एसएई ५०, डब्ल्यू१२० म्हणजे एसएई ६०, आणि २७ अंशांच्या वरच्या हवेसाठी लायकॉमिंग ६० नंबरला परवानगी देतं. इथे हिवाळ्याची दुपारसुद्धा बहुधा त्याच्या वर. पण जाड तेलाने दाब चढेल आणि कारण तिथेच राहील. हे तेलाच्या बाटलीत भरलेले वॉशरच झाले. डब्ल्यू१०० वरच राहिलो.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

एका वेळी एकच बदल, म्हणून काल तेल-फिल्टर-जाळी एवढंच करून आज मोजलं. गरम १८०० ला ५८, आयडलला २६. फरक नाहीच म्हणा. लाल गांडूळ दिसायला भीतीदायक, पण गुन्हेगार ते नव्हे. जाळी गुदमरून दाब पडला असता तर पंपाला सर्वात जास्त तेल लागतं तिथे, म्हणजे वरच्या आरपीएमला, आधी पडला असता आणि आज तिथे उडी दिसली असती.

तापमानाचा गेजही खोटा असू शकतो. तेल प्रत्यक्षात ११० असेल आणि गेज ९० दाखवत असेल, तर पातळ तेलाचा दाब कमी येणारच, त्यात इंजिनाचा काय दोष. कॅन्टीनमधून पातेलं आणि शेगडी आणली. सेन्सर वायरीसकट उकळत्या पाण्यात सोडला. पॅनलवर सुई २१२ फॅरनहाइट असायला हवी तिथेच आली. त्याच पाण्यात दोऱ्याला बांधून व्हर्नाथर्म सोडला. हा मेणाच्या गोळीवर चालणारा व्हॉल्व्ह: तेल थंड असताना कूलरला वळसा घालू देतो, ८५ अंशांच्या आसपास लांब होऊन तो वळसा बंद करतो आणि सगळं तेल कूलरमधून पाठवतो. पाणी तापत गेलं तशी दांडी हळूहळू बाहेर आली, थर्मामीटरने ८५ दाखवलं तोवर पूर्ण लांब. पोरांनी व्हिडिओ काढले. पातेलं कॅन्टीनला परत देऊ नका, दुसरं विकत आणून द्या, एवढं मात्र दोनदा सांगावं लागलं.

लॉगबुकमध्ये पंपाचीही नोंद शोधली. जुन्या सिंटर्ड आयर्नच्या आणि ऍल्युमिनियमच्या इम्पेलरसाठी एडी (विमान सुरक्षेचा सक्तीचा आदेश) ९६-०९-१० आहे. आपल्या पंपात कडक पोलादाचे बसल्याची नोंद आहे. पंप उघडायचा म्हणजे ऍक्सेसरी हाउसिंग काढायचं, मोठं काम. त्याच्या आधी हाताशी असलेला व्हॉल्व्ह.

१६ ऑक्टोबर, बुधवार

रिलीफ व्हॉल्व्ह क्रँककेसच्या उजव्या बाजूला वर, ऍक्सेसरी हाउसिंगच्या जरा पुढे. सेफ्टी वायर कापली, टोपी सोडली, खाली तळहात धरला.

टोपीत तीन वॉशर.

लॉगबुकात या वॉशरबद्दल एक ओळ नाही. म्हणजे याआधी कुणाला तरी हाच कमी दाब दिसला होता आणि त्याने त्याच्यापुरता तो मिटवला होता. दादांना बोलावलं. त्यांनी वॉशर हातावर घेऊन उलटसुलट पाहिले आणि "माझे नाहीत हां," एवढंच म्हणाले. मग स्वतःच चष्मा चढवून सीट बघायला वाकले.

बॉलवर एका बाजूला फिकट कडं उमटलेलं. सीटच्या खालच्या अंगाला, घड्याळातल्या ५ ते ७ च्या भागात, कार्बनचा कडक पापुद्रा. बॉल त्या पापुद्र्यावर टेकत होता, म्हणजे दुसऱ्या बाजूने कायमची फट. इंजिन चालू असेपर्यंत त्या फटीतून तेल संपमध्ये परत जातंय, आयडलला आणि वरच्या आरपीएमलाही.

प्रश्न आला: व्हॉल्व्ह फिल्टरच्या पुढे आहे, मग कचरा इथवर आलाच कसा? फिल्टरला बायपास असतो. तेल थंड आणि घट्ट असलं किंवा फिल्टर तुंबला की बायपास उघडतो आणि न गाळलेलं तेल पुढे जातं. तुंबलेल्या फिल्टरने इंजिन कोरडं पडण्यापेक्षा ते बरं. आमचं इंजिन महिनोन्‌महिने उभं, मग एकदम स्टार्ट, मग पोरांचा हात थ्रॉटलवर. थंड तेलावर थ्रॉटल वाढवला की तो कार्बन थेट इथे.

सीटला पितळी ड्रिफ्टने बॉल ठोकून बसवायची जुनी युक्ती आहे. केली नाही. पापुद्रा सॉल्व्हंटने मऊ करून लाकडी काडीने सोडवला, सीट आरशात तपासली, धातूला खड्डा नाही. स्प्रिंगची मोकळी लांबी मोजली, मॅन्युअलच्या मर्यादेत. नवा बॉल स्टोअरमधून ८१३०-३ टॅगसह. टोपीची गॅस्केट नवी. वॉशर मुद्दाम तिन्ही तसेच परत टाकले. आज फक्त सीट आणि बॉल.

गरम १८०० ला ७२. गरम आयडलला ३१.

पोरं टाळ्या वाजवायला लागली. दादा काही बोलले नाहीत, उद्या सकाळी थंड इंजिनावर बघ म्हणाले. तेच डोक्यात होतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी थंड स्टार्ट, हळूहळू १२०० आरपीएम. टेस्ट गेज १०६. वरच्या लाल रेघेच्या पलीकडे. लगेच बंद.

गळणाऱ्या सीटची भरपाई करायला टाकलेले तीन वॉशर सीट सुधारल्यावर जास्तीचे झाले. तिन्ही काढले. तेल पुन्हा थंड व्हायला दुपारभर थांबलो आणि पुन्हा मोजलं: थंड १२०० ला ९२, गरम १८०० ला ६५, गरम आयडलला ३१.

शेवटचा आकडा फळ्यावर मोठा लिहिला. वॉशर असताना ३१, काढल्यावरही ३१. गरम आयडलला दाब इतका कमी असतो की चांगल्या सीटवर बॉल उचललाच जात नाही, व्हॉल्व्ह बंदच असतो. मग स्प्रिंग किती दाबलीय याने काय फरक पडणार? त्या क्षणी दाब ठरतो तो पंप किती तेल ढकलतो आणि बेअरिंगमधून किती निसटतं यावर. म्हणून गरम आयडल हा इंजिनाच्या तब्येतीचा आकडा आणि थंड दाब हा व्हॉल्व्हच्या सेटिंगचा. वरच्या आरपीएमला दाब ठीक पण गरम आयडल घसरत चाललाय, असं दिसलं तर बेअरिंगकडे बघायचं. आणि तिथे वॉशर टाकून काहीच होत नाही, फक्त थंड स्टार्टला सील आणि फिल्टरवर ताण येतो.

दादांनी फळा वाचला. "मग पहिल्या दिवशी टाकले असते तरी आयडल २६ च राहिला असता?"

"राहिला असता. आणि पॅनलवर २०."

"हम्म. परीक्षक आयडलच बघतो आधी." आणि ते जेवायला गेले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

स्पेक्ट्रोचा अहवाल. मागच्या नमुन्यापेक्षा लोह चढं, तांबं आणि ऍल्युमिनियम जवळपास तिथेच, सिलिकॉन थोडं वर (लाल गांडुळाने हातभार लावलेला दिसतो). शिसं भरमसाट, पण ते वाचायचंच नाही: ऍव्हगॅस १०० एलएलमध्ये शिसं असतंच, ते जळून तेलात उतरतं, बेअरिंगचं शिसं त्यात वेगळं ओळखता येत नाही.

लोह आणि चुंबकावरची लव यांचा संबंध पावसाळ्याशी लावतो. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन उभं राहिलं की त्याच्यावरचं तेल ओघळून जातं आणि जुहूची खारी दमट हवा उघड्या पोलादाला लागते. मधेच दहा मिनिटं "चालवून ठेवायचं" हा उपाय आजारापेक्षा वाईट: तेल पुरेसं तापत नाही, जळणातून आलेलं पाणी उडून जात नाही, उलट नवं पाणी तेलात मिसळतं. पुढच्या वर्षी मेअखेर प्रिझर्वेटिव्ह तेल भरून, सिलिंडरांत डेसिकंट (ओल शोषणारे) प्लग लावून विमान बंद करायचं, आणि सप्टेंबरपर्यंत कोणी किल्ली मागायची नाही. अर्ज लिहून ऑफिसात दिला. पावसाळ्यातलं प्रॅक्टिकल बुडेल म्हणून कुरकुर होईल, तेव्हा रिस्ट्रिक्टर, फिल्टर आणि व्हर्नाथर्म त्यांच्या टेबलावर ठेवून महिनाभर शिकवता येतं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

लॉगबुकातली नोंद केली: प्रेशर लाइनचा तुकडा बदलला, रिस्ट्रिक्टर साफ केला, तेल, फिल्टर आणि सक्शनची जाळी, रिलीफ व्हॉल्व्हची सीट साफ केली, बॉल बदलला, नोंद नसलेले तीन वॉशर काढले, त्याआधीचे आणि नंतरचे थंड-गरम आकडे. वॉशर काढल्याचं वाक्य दादांनी त्यांच्या अक्षरात लिहिलं, कारण माझं कोणाला वाचता येत नाही असं त्यांचं म्हणणं.

टेस्ट गेजला कॅलिब्रेशनची तारीख चिकटवून कपाटात ठेवला. नवा फिल्टर दिवाळीनंतर, १० तास झाले की कापायचा. कापेल ती विद्यार्थिनी, जिने गांडूळ उचललं. चुंबकावरची लव तेव्हा कमी नसेल तर कॅमची लोब (कॅमशाफ्टवरचा उंचवटा) बघायची. त्यासाठी एक सिलिंडर उतरवावा लागेल, तेव्हा बेस गॅस्केटचा संच आजच मागवून ठेवला.